नांदूरमध्यमेश्वरची सकाळ

शेती खात्यात तीस वर्षे काढली. धाकट्यानेही शेतकीला जावे ही माझी इच्छा. पण त्याचे सारे लक्ष पाखरांत. त्यात शाळा सुटलेल्या एका मेंढपाळाच्या मुलाशी दोस्ती. त्यावरून मी कितीदा रागावलो.

शेवटी मंडळी म्हणाली, "एकदा त्यांच्याबरोबर जाऊन तर या!"

पौषातल्या एका पहाटे आम्ही तिघे निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत इथे बंधारा बांधला. वाहून आलेला गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना आसरा मिळाला. २०२० साली हे महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले.

शेतातली माती वाहू देऊ नका, असे मी जन्मभर सांगत आलो. त्याच गाळावर हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक सुखाने बसलेले पाहून मला हसू आले.

मेंढपाळाचा मुलगा नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखी. आमचा वहीत नोंद करी. वही चाळली, तर काही नावे वेड्यावाकड्या अक्षरांत दिसली.

"ती त्याने लिहिलीत, अण्णा. मी शिकवतो त्याला."

मी गप्प झालो. शेजाऱ्याकडून शिका, असे गावोगाव सांगणारा मी. घरात मात्र ते विसरलो होतो.

परतताना त्या मुलाला म्हटले, "बाळ, आज जेवायला आमच्याकडेच ये."

आपल्या मुलाचा मित्र कोणाचा कोण, हे आपण लगेच विचारतो. ते दोघे एकमेकांना काय देतात, हेही एकदा पाहावे.