‘साखर नाही’ म्हणताना

दोन वर्षांपूर्वी पौषात मी ओव्हनविना होणाऱ्या ओट्सच्या वड्या प्रथमच केल्या. मूळ कृतीत मध होता; तो आपल्याला वर्ज्य, म्हणून खजूर घेतला. 200 ग्रॅम ओट्स कोरडेच खमंग भाजले. 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर चमचाभर तुपावर परतून मऊ केला. त्यात ओट्स, 100 ग्रॅम दाण्यांचे कूट व 25 ग्रॅम तीळ मिसळून मिश्रण थाळीत थापले आणि 16 वड्या पाडल्या. बाजारातील ओट्स वाफवून चपटे केलेले असतात. म्हणून त्यांना निराळे शिजवावे लागत नाही.

सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्यापुढे मी अभिमानाने ताटली ठेवली. म्हटले, ‘‘घ्या आई, यात साखर नाही.’’ कित्येक दिवसांनी त्यांना गोड मिळाले होते. त्या रोज दुपारी दोन-तीन वड्या खाऊ लागल्या.

फाल्गुनात रक्ततपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढली होती. डॉक्टरांनी पथ्याविषयी विचारताच त्या म्हणाल्या, ‘‘मी गोड खाल्लं नाही हो. सुनेनं सांगितलं होतं, साखर नाही म्हणून.’’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच मला मान वर करवेना. सारा दोष वड्यांचा नसेलही, पण ते वाक्य माझे होते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एका वडीत सुमारे 130 कॅलरी, 4 ग्रॅम प्रथिने आणि 3 ग्रॅम तंतू. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतो, हेही खरे. परंतु खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शर्कराच असतो. म्हणजे वडीमागे 8 ग्रॅम, दोन लहान चमचे साखरेइतकी. तीन वड्यांत सहा चमचे! मी साखर घातली नव्हती. ती खजुरातून आली होती.

वडी वाईट नाही. शाळेतून भुकेल्या येणाऱ्या मुलाला ती बिस्किटांपेक्षा खचित बरी. चुकले ते माझे सांगणे आणि सुटलेले प्रमाण. ऊणोदरीचे महत्त्व प्रवचनात ऐकणारी मी स्वयंपाकघरात तेच विसरले होते.

फाल्गुन चौमासीनंतर आमच्या घरी खजूर बंद होतो. यंदा हिवाळ्यात डॉक्टरांना विचारून वड्या पुन्हा केल्या. त्याच थाळीत 32 पाडल्या. सासूबाईंना एक दिली आणि म्हटले, ‘‘आई, यात खजूर आहे, म्हणजे साखर आहे.’’

त्यांनी ती चवीने खाल्ली आणि स्वतःच डब्याचे झाकण लावले.