बदनापूर, तिसऱ्या आणि अठ्ठावीस दिवस!

बदनापूर म्हटलं की बहुतेकांचा चेहरा कोरा! छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालात की वाटेत लागणारं हे तालुक्याचं गाव. मोसंबीच्या बागा, दुधना नदी आणि ज्वारीची भाकरी. वरणभात आवडणाऱ्यांनी तर या गावाला सलाम ठोकायलाच हवा. तुरीच्या ‘बीडीएन 711’ या प्रसिद्ध वाणातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच. इथल्या कृषी संशोधन केंद्राची ती देणगी.

इथून मुंबईचा समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. मग तिसऱ्यांचा विषय मध्येच कुठून आला? माझ्या रूममेटमुळे. ती इथलीच. सुट्टीला घरी आली आणि डोळे पिवळेधमक. कावीळ!

मी भेटायला गेले, तेव्हा घरात आरोपीचा शोध जोरात सुरू होता. काकूंचा संशय नळाच्या पाण्यावर, काकांचा स्टँडवरच्या उसाच्या रसावर. शेजारच्या आजींनी तर नाकात औषध घालणाऱ्या वैदूचा पत्ताही काढून ठेवलेला. रक्ताच्या तपासणीत निघाला हेपटायटिस ए. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “महिन्याभरापूर्वी कुठे होतीस?”

कोकणात! खाडीकाठी, मित्रमंडळींसोबत, जेमतेम वाफवलेल्या तिसऱ्यांवर ताव मारत.

फंडा असा आहे. हा विषाणू पोटात गेल्यावर 15 ते 50 दिवसांनी, सरासरी 28 दिवसांनी लक्षणं दाखवतो. त्यामुळे आजारपण एका गावात आणि कारण भलत्याच गावात! “खात्रीने नाही सांगता येणार, पण परवाच्या रसापेक्षा त्या तिसऱ्यांवर माझा संशय जास्त,” असं डॉक्टर म्हणाले. या काविळीवर विषाणू मारणारं खास औषध नाही. आराम, साधं जेवण, दारू बंद आणि मनाने गोळ्या घेणंही बंद. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. वैदूचा बेत अर्थातच रद्द झाला.

तिसऱ्या, कालवं, शिनाण्या पाणी गाळून अन्न मिळवतात. खाडीत सांडपाणी मिसळत असेल, तर त्यातले विषाणूही त्यांच्या पोटात साठतात. 1988मध्ये शांघायमध्ये असेच अर्धेकच्चे शिंपले खाऊन सुमारे 3 लाख लोकांना हेपटायटिस ए झाला होता. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरसही याच वाटेने येतो. फक्त तो एक-दोन दिवसांतच हिसका दाखवतो.

मग तिसऱ्या सोडायच्या? छे! एवढंच लक्षात ठेवा:

• शिंपला उघडला म्हणजे शिजला, असं नाही. आतलं मांस 90 अंशांवर किमान दीड मिनिट तापायला हवं. घरी सरळ खळखळून उकळा.
• लिंबू, व्हिनेगर, बिअर किंवा फ्रीजर यांच्या भरवशावर राहू नका. विषाणू त्यांना दाद देत नाही.
• वास आणि चव झकास असली, तरी विषाणू असू शकतो. स्वच्छ पाण्यात ठेवून वाळू निघते, विषाणू सगळा निघत नाही.
• हेपटायटिस एची लस मिळते. डॉक्टरांना विचारा.

आणि कालवं कच्ची गिळण्याची फॅशन? ती मेन्यूकार्डावरच राहू द्या. आपल्याकडचं रटरटणारं कालवण काय वाईट आहे, बॉस?