पितळी हातोडी

नाशिकच्या सातपूर कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत ऐंशीच्या दशकात फ्रिज आला. दर पंधरवड्याला त्याच्या फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ धरायचा आणि बर्फाचे ट्रे तळाला घट्ट चिकटून बसायचे. एका दुपारी पाहुणे आले म्हणून घाईत मी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. फुस्स आवाज झाला आणि सगळा गॅस निघून गेला. वडील फर्स्ट शिफ्ट करून घरी आले, फ्रीझरमधलं ते बारीक भोक बघितलं आणि एवढंच म्हणाले, “चिकटलेल्याला मारायचं नसतं रे, हलवायचं असतं.” दुरुस्तीला त्यांचा अर्धा पगार गेला.

वडील फिटर होते, कार्बन नाक्याजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये. शाफ्टवर जाम झालेली पुली काढायची वेळ आली की कुणीतरी हटकून म्हणायचं, गॅसने तापवू. वडील आपली पितळी हातोडी काढायचे. पितळ मऊ, म्हणून पोलादाला डाग पडत नाही. हबच्या भोवती ते हलके, एकसारखे ठोके देत फिरायचे, कान अगदी जवळ नेऊन. खणखणीत येणारा आवाज एका क्षणी बद्द व्हायचा. “सुटली,” म्हणायचे, आणि खरंच पुली हातात यायची.

त्या काळी आमच्या आकाशात मिग लढाऊ विमानं असायची. जवळच ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मिग-२१ साठीच. विमान डोक्यावरून गेलं की खिडक्यांची तावदानं आणि मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या, आम्ही पोरं गच्चीकडे धावायचो. त्या विमानाच्या समोरच्या काचेवर बर्फ धरला तर अल्कोहोल फवारायची सोय असते, हे मला फार नंतर कळलं. नाशिकच्या उन्हात विमानावर बर्फ कुठून येणार, असंच तोवर वाटायचं. पण भर पावसाळ्यातसुद्धा साधारण पाच किलोमीटर उंचीवर पारा शून्याखाली जातो. तिथल्या ढगांत शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. पंखाची पुढची कड त्यांना लागली की ते तिथल्या तिथे गोठतात. बर्फाचा थर सँडपेपरइतका खरखरीत असला तरी पंखाची उचल घटते, हवेचा अडथळा वाढतो.

पंखावरचा हा बर्फ काढायचे जुने उपाय मुख्यतः दोन, तापवणं आणि ढकलणं. बहुतेक जेट विमानं इंजिनातली गरम हवा पंखाच्या कडेत सोडतात, म्हणजे इंजिनाच्या ताकदीतूनच वाटा काढतात. ओझरहून प्रवासी घेऊन उडालेल्या एटीआर विमानांच्या पंखांना काळे रबरी पट्टे असतात. ते हवेने फुगतात आणि बर्फ फोडून टाकतात. पण ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यात एटीआर-७२ कोसळलं, तेव्हा बर्फाचा वरंबा या पट्ट्यांच्या मागे, जिथे पट्टा पोचतच नव्हता तिथे तयार झाला होता. ६८ माणसं गेली. पट्टे नंतर रुंद केले. ती बातमी वाचताना माझ्या मनात मात्र वडिलांचं ‘हलवायचं असतं’ हे वाक्य घोळत होतं.

आता संशोधक नेमकं तेच करू बघताहेत, आणि त्यात मला मनापासून आनंद आहे. पंखाच्या पत्र्याला आतून पिझो स्फटिकांच्या चकत्या चिकटवायच्या आणि त्यांना वीज द्यायची. हा स्फटिक आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. आई काडेपेटीच्या काड्या मोजून वापरायची. मग गॅसचा लायटर आला. टक्‌ करून दाबला की आतला स्फटिक चेपतो आणि ठिणगी पडते. दाबलं की वीज. विमानात हे उलटं, वीज दिली की स्फटिक हलतो. पत्र्याची जी स्वतःची कंपनसंख्या, ती सापडली की थोड्या विजेतही पत्रा जोरात थरथरतो. पत्रा वाकतो, ठिसूळ बर्फाला वाकता येत नाही, आणि दोघांमधली पकड सुटते. बर्फ वितळवायचा नाही, फक्त सोडवायचा. म्हणून ऊर्जा थोडी लागते. रशियनांनी इल्यूशिन-८६ मध्ये विजेच्या झटक्यांनी पत्रा हादरवायची पद्धत आधीच बसवली होती. हे विमान पहिल्यांदा उडालं १९७६ साली.

अडचणी आहेतच. बर्फाचा थर वाढला की कंपनसंख्या बदलते, मग ती सतत शोधत राहावी लागते. पातळ थर जाडापेक्षा हट्टी. शिवाय रोज थरथरून चकत्याच निखळल्या तर? वडील आवाज ऐकून ठोका बदलायचे, तेच काम इथे सेन्सर आणि संगणकाला शिकवावं लागतं.

मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. सातपूरचा, आम्ही मायको म्हणायचो तो डिझेल नोझलचा कारखाना २००८ पासून बॉश आहे. डिझेल इंजिनाचे काजळी धरलेले नोझल पूर्वी रॉकेलच्या डब्यात बुडवून तारेच्या ब्रशने घासायचे. आता ते अल्ट्रासॉनिक टबात टाकतात, कंपनांनीच काजळी सुटते. वडिलांची हातोडी माझ्याकडे आहे. तिचं तोंड वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी छत्रीसारखं पसरलंय.

निफाडला मामांची द्राक्षबाग होती. कडाक्याच्या थंडीत ते रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायचे, लाकडांचा ढीग संपायचा. पण नुसतं दव असलं की पहाटे मंडपाची तार धरून एकच हिसका द्यायचे. आता मामांचा नातू बाग बघतो. घडांतलं पाणी उडवायला त्याच्याकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे. गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा ट्रॅक्टर सुरू व्हायला वेळ लागत होता. त्याने उभ्याउभ्याच तार पकडून हिसका दिला, आणि पार बांधापर्यंत सगळ्या ओळीवरचं पाणी टपटपत खाली आलं.