निरोप पोचला का?

देवबागेत राहणाऱ्या माणसाला समुद्राची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये माडांनी झाकलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी, असे हे गाव आहे. उत्तरेला ते तारकर्लीला जोडलेले आहे. दक्षिणेला, भोगव्यासमोर, नदी आणि समुद्र यांचा संगम होतो. पाणी चढले तर मागे सरकायला डोंगर नाही. म्हणूनच वादळाची सूचना येथे केव्हा आणि कोणाकोणाला मिळते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हा धडा आम्ही उशिरा शिकलो, आणि तोही एका निरक्षर वृद्धेकडून.

मे 2021 मधील गोष्ट. ‘तौक्ते’ चक्रीवादळ लक्षद्वीपकडून उत्तरेकडे सरकत होते. भारतीय हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा वेळेवर दिला होता. त्यात कसूर नव्हती. करोनाच्या निर्बंधांमुळे चर्चची दारे भाविकांसाठी बंद होती, त्यामुळे मिस्सानंतर वेदीवरून सूचना देण्याची नेहमीची सोय उरली नव्हती. शनिवारी, 15 मे रोजी, आम्ही ती शासकीय सूचना जशीच्या तशी धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवली आणि खाली ‘पवित्र मरियामाता आपले रक्षण करो’ असे लिहिले. तासाभरात बहुतेकांनी ती वाचल्याच्या खुणा उमटल्या. आपले कर्तव्य पार पडले, या समाधानात आम्ही रात्रीची प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. रिकाम्या मंदिरात आम्ही एकट्यानेच मिस्सा अर्पण केला आणि बाहेर वाऱ्याने थैमान मांडले. माड मुळासकट आडवे झाले, कौले उडाली, विजेचे खांब वाकले. वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आली नाही.

वारा ओसरल्यावर आम्ही पायी घरोघर निघालो. गावाच्या टोकाला एक विधवा भगिनी एकटीच राहते. मे महिना हा आगोटीच्या बेगमीचा. तिने खळ्यात बांगडे आणि गोलमो वाळत घातला होता. खाडीचे पाणी खळ्यात शिरले आणि पावसाळ्याचे चार महिने ज्याच्या विक्रीवर काढायचे, ते सारे एका दुपारी वाहून गेले. शेजाऱ्यांनी तिला उचलून आणले म्हणून ती वाचली. आम्ही सहज विचारले, “मावशी, आम्ही निरोप पाठवला होता, मिळाला नाही का?”

ती म्हणाली, “फादर, तुमचो निरोप गेलो कोणाक?” आणि थोडे थांबून, “पाणी येतला ता माका ठावक हुता. कधी येतला ता कोणी सांगूक नाय.”

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न अधिकच लागला. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही धर्मग्रामाची कुटुंबनोंदणी पुढ्यात घेतली आणि गटातील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिले. प्रत्येक घरातून एक क्रमांक, आणि तो बहुधा घरकर्त्या पुरुषाचा. त्यांतले काही गोव्यात कामाला, काही मुंबईत, काही जहाजावर. आम्ही ज्या खुणा मोजून निश्चिंत झालो होतो, त्यांतली एक तर कुवेतमधून उमटली होती! विधवा, एकट्या राहणाऱ्या वृद्धा, एक मूकबधिर तरुण आणि बोटींवर काम करणारे परप्रांतीय खलाशी यांच्यापैकी कोणीही त्या गटात नव्हते. पाणी ज्यांच्या दारात प्रथम येणार, नेमके तेच आमच्या यादीबाहेर होते.

हा दोष केवळ आमच्या गटाचा होता असेही नाही. समुद्र खवळणार असला की मालवण बंदरात धोक्याचा बावटा चढतो. तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे होडीवर जाणाऱ्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. पण बावटा दिसतो तो बंदरावर जाणाऱ्याला. आमच्या भगिनी सुकती पाहून खाडीत कालवे आणि तिसऱ्या काढायला उतरतात. कमरेएवढ्या पाण्यात वाकलेल्या बाईला बावटा दिसणार कसा? एकीने आम्हांला सरळच सांगितले, “बावटो बंदरार, आमी खाडयेत. आमका कोण सांगतलो?”

याची किंमत किती मोठी असू शकते, ते बांगलादेशाने पाहिले आहे. 29 एप्रिल 1991 च्या चक्रीवादळात तेथे सुमारे 1 लाख 40 हजार माणसे मृत्युमुखी पडली. नंतरच्या एका पाहणीत आढळले, की 20 ते 44 या वयोगटात दर हजारी 71 स्त्रिया दगावल्या होत्या, तर पुरुष 15. वादळाची सूचना पुरुषांना बाजारात आणि चव्हाट्यावर कळली होती. कित्येक घरांत ती पोचलीच नाही. ज्यांना कळली त्यांतल्याही अनेक जणी मुलेबाळे आणि म्हातारी माणसे सांभाळत घरधन्याची वाट पाहत राहिल्या. पुढे त्या देशाने आपली चूक ओळखली. तेथील वादळपूर्व तयारी योजनेत आज सुमारे 76 हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

आपल्याकडेही हा प्रश्न आता टाळता येणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवून दिले, की त्याआधीच्या दोन दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली आहे. 2009 चे ‘फयान’, 2017 चे ‘ओखी’, 2019 चे ‘क्यार’ ही नावे आमच्या किनाऱ्यावर आता पोरांनाही पाठ आहेत. ‘ओखी’त केरळ आणि कन्याकुमारीचे कितीतरी ख्रिस्ती मच्छीमार बांधव परतले नाहीत, धोक्याची सूचना निघाली तेव्हा अनेक होड्या खोल समुद्रात होत्या. संयुक्त राष्ट्रसंघाने 2022 मध्ये संकल्प सोडला, की 2027 च्या अखेरीपर्यंत जगातील प्रत्येक माणसाला संकटाची पूर्वसूचना मिळावी. संकल्प थोर आहे. पण ‘प्रत्येक माणूस’ या शब्दांत देवबागेच्या टोकाची ती मावशी धरली आहे की नाही, हे पाहण्याचे काम न्यूयॉर्कमध्ये होणार नाही.

आमच्या सूचनेची भाषाही आम्ही पुन्हा वाचून पाहिली. ताशी अमुक किलोमीटर वेगाने वारे, ऑरेंज अलर्ट, तीव्र चक्रीवादळ. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले. तरी ताशी 80 किलोमीटरचा वारा आपल्या कौलांचे काय करील, हे आम्हांलाही सांगता आले नसते. मावशीला हवे होते ते एवढेच: पाणी केव्हा येणार, कुठवर येणार आणि मी काय उचलून कुठे न्यायचे?

प्रभू येशूने आभाळाच्या तांबूस रंगावरून हवा ओळखणाऱ्यांचा उल्लेख केला आहे, तो मत्तयच्या शुभवर्तमानात सापडतो. तेथे त्याचे श्रोते परूशी आणि सदूकी होते. हवामान हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय होता. आणि पुनरुत्थानाची वार्ता प्रथम कोणाला मिळाली? पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रियांना. त्यांनी ती प्रेषितांना सांगितली, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असे लूक प्रांजळपणे नमूद करतो. ख्रिस्तसभेची पहिली वार्ताच जर स्त्रियांनी वाहून आणली, तर गावाच्या रक्षणाचा निरोप त्यांना वगळून फिरावा, हे आम्हां धर्मगुरूंना आधीच खटकायला हवे होते.

निर्बंध उठल्यावर आम्ही वाडीवाडीतील भगिनींना सभागृहात बोलावले आणि या खेपेस आम्ही ऐकत बसलो. त्या म्हणाल्या, सूचना सुकतीच्या आधी मिळावी, एकदा खाडीत उतरल्यावर तिचा उपयोग नाही. प्रत्येक वाडीत दोघी जणी नेमाव्यात, त्यांनी फोनवर विसंबू नये, पायी जावे. चर्चची घंटा ठरलेल्या वेगळ्या रीतीने वाजवावी, म्हणजे ती मृत्यूची की धोक्याची असा घोळ होणार नाही. निरोप मालवणीत असावा. मूकबधिर मुलाला कोणी हाताला धरून न्यायचे, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कोणी उचलायचे, ही नावे आधीच ठरावीत. आणि सुकी मासळी ठेवायला सभागृहाचा माळा मोकळा करावा. हे शेवटचे कलम आम्हांला कधीच सुचले नसते. जाणे शक्य असूनही बाई घर का सोडत नाही, याचे उत्तर त्या माळ्यात होते.

जून 2023 मध्ये ‘बिपरजॉय’ आमच्या किनाऱ्यापासून दूरवरून गेले. लाटा उंच उसळल्या, पण मोठे नुकसान झाले नाही. “फादरांनी उगाच घंटा बडवली,” असे काही जण म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. मावशी मात्र आदल्या संध्याकाळीच टोपल्या घेऊन सभागृहात आली होती. टोपल्या माळ्यावर चढल्या, तशी ती रोजरीची माळ काढून भिंतीला टेकून बसली.

ती यादी आता सॅक्रिस्टीच्या कपाटाला आतून चिकटवलेली आहे. एका बाजूला ज्यांना निरोप द्यायचा त्यांची नावे, दुसऱ्या बाजूला तो पोचवणाऱ्यांची. परप्रांतीय खलाशांसमोरची जागा अजून रिकामी आहे. ते दर हंगामात बदलतात, त्यांची भाषा आमच्यापैकी थोड्यांनाच येते. मिस्साची वस्त्रे काढताना ती रिकामी जागा रोज आमच्या नजरेस पडते. स्वर्गारोहणाच्या दिवशी आकाशाकडे पाहत उभ्या राहिलेल्या शिष्यांना देवदूतांनी हटकले होते, याची तेव्हा आठवण होते.

वाचकहो, वादळांचा हंगाम पावसाच्या आधी आणि नंतर, असा वर्षातून दोनदा येतो. तो येण्यापूर्वी आपापल्या धर्मग्रामाची अशी एक यादी करून पाहा. प्रथम अर्थात त्यांची नावे लिहा, ज्यांचा फोन क्रमांक आपल्याजवळ नाही.