तळाचं पाणी

छोट्या विमानाच्या पंखाखाली वाकून शिकाऊ वैमानिक टाकीच्या तळातलं घोटभर पेट्रोल पारदर्शक कपात काढतो आणि उजेडाकडे धरतो. उड्डाणाआधीच्या साऱ्या तपासण्यांत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. सेस्ना १७२ सारख्या विमानांचं '१०० एलएल' पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. लिटरभर पेट्रोल साधारण ७२० ग्रॅम भरतं, पाणी किलोभर. म्हणून पाणी खाली बसतं आणि निळ्याच्या तळाशी बिनरंगी थेंब दिसतो.

खरा धोका थेंब न दिसण्यात आहे. कप पाण्यानेच काठोकाठ भरला, तर दोन थरांमधली रेघच उरत नाही. नमुना अगदी नितळ दिसतो. 'स्वच्छ आहे ना' एवढं पाहून भागत नाही. तो निळा आहे का, त्याला पेट्रोलचा वास येतो का, हे पाहावं लागतं.

अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. झाकणाचं रबर झिजलं असेल तर पाऊस थेट आत. देवळातल्या काचेच्या दिव्यात खाली पाणी आणि वर तेल असतं. वात वर जळते, म्हणून तेल संपेपर्यंत पाणी तिच्या वाटेला जात नाही. विमानाची टाकी मात्र तळातून रिकामी होते. इंजिनाकडे आधी पाणीच निघतं.

मग इंजिन जमिनीवरच बंद का पडत नाही? कधी पडतंही, आणि ते नशीबच. पण पुष्कळदा नळ्यांत, गाळणीत, कार्ब्युरेटरमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल उरलेलं असतं. तेवढ्यावर इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टीपर्यंत जातं, चाचणीत आवाजही खणखणीत येतो. पूर्ण ताकद लागते, नाक वर उचललं जातं, आणि पाणी नेमकं तेव्हा पोहोचतं. मागे वळण्याइतकी उंची नसते. नाक खाली करून समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं. इंजिनाची साक्ष खोटी नव्हती. ती पिऊन झालेल्या पेट्रोलबद्दल होती, आणि आपण ती टाकीतल्या पेट्रोलबद्दल धरली.

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडेच आदळलं. इंधनातल्या पाण्याचा बर्फ होऊन वाट अडली होती. विमानातले सगळे, १५२ जण, वाचले. तिथे कुठलाही कप उजेडात धरून काही कळलं नसतं. छोट्या विमानात बहुतेकदा कळतं, म्हणून तिथली हयगय मला जास्त सलते.

काही जुन्या सेस्नांत टाकी म्हणजे रबरी पिशवीच. तिच्या सुरकुत्यांआड पाणी दडतं; कप कितीदाही भरा, ते येत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, या सुरकुत्या शोधून काढण्याचा आदेशच दिला. अशा विमानाची शेपटी दाबायची, पंख हलवायचे, थांबायचं आणि पुन्हा कप लावायचा. घाईच्या सकाळी हे जिवावर येतं. करायचं तरीही. पाणी येतच राहिलं, तर त्या दिवशी उड्डाण नाही. विमान मेकॅनिकच्या ताब्यात.