फुलं कुठायत?

सप्टेंबरमध्ये कधी साताऱ्याला गेलात, तर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जरूर जा. अंतर साधारण २५ किलोमीटर. वर पोचलात की आधी वारा भेटतो, मग धुकं, आणि धुकं जरा हललं की फुलंच फुलं! गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, गेंदाचे पांढरे गोंडे आणि निळी-जांभळी सीतेची आसवं. तुम्ही लगेच कॅमेरा काढता, सगळं पठार एका फोटोत बसवता आणि घरी येऊन आईला दाखवता. आई म्हणते, “छान आहे, पण यात फुलं कुठायत?”

फुलं आहेत तिथंच. पण ती आहेत बोटाच्या पेराएवढी. लांबून काढलेल्या फोटोत त्यांचा नुसता रंग उरतो. मग एवढंसं फूल आणि एवढं मोठं पठार एकाच फोटोत दाखवायचं कसं?

निसर्गदृश्य म्हटलं की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव हवं, असा एक जुना दंडक आहे. अमेरिकेत १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांनी एक मंडळच काढलं. नाव ठेवलं ‘ग्रुप एफ/६४’. एफ/६४ म्हणजे लेन्समधलं अगदी बारीक छिद्र. छिद्र बारीक केलं, की जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं. चष्मा घरी विसरलेला मित्र फळ्यावरचं वाचताना डोळे किलकिले करतो ना? तीच ही युक्ती!

कासला आपण नेमकं उलट करायचं. छिद्र मोठं ठेवायचं. इथं आकड्यांची गंमत आहे बरं का: आकडा लहान, तर छिद्र मोठं. एफ/१६ पेक्षा एफ/२.८ कितीतरी मोठं. मग लेन्ससमोरचा एक पातळ थर तेवढा स्पष्ट येतो. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं धूसर होतं. या थराच्या जाडीला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. पण नुसतं छिद्र मोठं करून भागत नाही. फोकस लांबच्या डोंगरावर ठेवलात, तर फारसं काही धूसर होणारच नाही. तो हवा हातभर अंतरावरच्या फुलावर. जितकं जवळ जाल, तितका थर पातळ. मोबाइलची लेन्स इवलीशी असते. त्यामुळे त्यातल्या ‘पोर्ट्रेट’मधली धूसरता बहुतेक वेळा गणित करून आणलेली असते, गवताच्या पात्यांपाशी ती हमखास फसते.

आणि हो, मागचं पार पुसून टाकू नका. तेरड्यामागे नुसता हिरवा रंग आला, तर ते फूल कुंडीतलं की कासचं, कोण सांगणार? म्हणून एफ/२.८, एफ/५.६ आणि एफ/११ असे तीन फोटो काढा. ज्यात फूल उठून दिसतंय आणि मागची डोंगराची कडही ओळखू येतेय, तो ठेवा.

आता एक कबुली देतो. फूल डोळ्यांच्या पातळीवर हवं म्हणून मी एकदा सरळ फुलांत आडवा झालो. फोटो झक्क आला. उठून पाहतो तर काय, माझ्या अंगाएवढी फुलं सपाट झालेली! कासला जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. तेरडा, सीतेची आसवं यांसारखी रोपं पावसात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मरतात. बी धरण्याआधीच ती चिरडली, तर पुढच्या पावसात तिथं काय उगवणार? फोटोत ती चिरडलेली फुलं धूसर भागात होती, म्हणून कुणालाच दिसली नाहीत. सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र त्या फोटोत आधी तीच दिसतात.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. पाय पायवाटेवरच. वाटेच्या कडेलाही भरपूर फुलं असतात. तिथं उकिडवं बसायचं, कॅमेरा जमिनीलगत धरायचा. फूल आत असेल, तर लांब पल्ल्याची लेन्स लावायची. तिनंही मागचं छान धूसर होतं. तेवढ्यानंही जमत नसेल, तर तो फोटो सोडून द्यायचा.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. कास त्यांपैकी एक. तेव्हा तुम्ही जाल, तेव्हा कॅमेऱ्यात काय धूसर करायचं ते खुशाल ठरवा. पण शटर दाबण्याआधी एकदा मान वळवून पायांखाली बघा. तिथलं सगळं अगदी स्पष्ट दिसलं पाहिजे!