आजोबांचं मत

14 मार्च 2017 च्या संध्याकाळी पेडण्याच्या आमच्या घरात दोन गोष्टी एकदम झाल्या. वाड्यावरचं कुणीतरी पेढे घेऊन आलं, आणि आजोबा गप्प झाले.

मी तेव्हा नववीत होते. पेडण्याचे आमदार बाबू आजगावकर मंत्री झाले, त्याचे ते पेढे. आजोबांनी मत त्यांच्याच सिंहाला दिलेलं. 1963 च्या पहिल्या निवडणुकीपासून त्यांचा सिंह ठरलेला. भाऊसाहेब बांदोडकर पेडण्यात जन्मले, एवढं कारण त्यांना पुरे होतं. मग गप्प का? कारण त्या वेळी मगो पक्ष भाजपची साथ सोडून, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेनेला घेऊन लढला होता. आजोबांनी मत सरकारविरुद्ध दिलं आणि त्याच मतावर सरकार उभं राहिलं. पेढा हातात धरून ते आजीला म्हणाले, "माजां मत खंय गेलां गे?"

"मंत्री जालो न्हय? खा पेढो," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिचोलीचा मामा आला. तो पक्का कमळवाला, म्हणजे खूश असायला हवा. पण तोही धुमसत होता! भाजपचे आमदार 13, आणि शपथ घेतलेल्या दहा जणांत पर्रीकर धरून भाजपचे फक्त तिघे. गोवा फॉरवर्डचे तीनच आमदार, तिघेही मंत्री. मगोच्या तिघांतले दोघे, वर दोन अपक्ष. "घर आमचं, नि खोल्या सगळ्या पाहुण्यांना," मामा म्हणाला. 17 जागांचा काँग्रेस पक्ष बाहेर ओसरीवर, हे दोघांनाही आठवलं नाही.

कॉलेजात आल्यावर राज्यशास्त्राच्या तासाला 2003 ची 91 वी घटनादुरुस्ती शिकले. मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठं नको, पण छोट्या राज्यात बारापर्यंत चालेल. आमच्या 40 जणांच्या सभागृहाचे पंधरा टक्के म्हणजे सहा. मुभा मात्र बाराची. बहुमताला लागतात 21. म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून जास्त माणसं मंत्री होऊ शकतात! वहीच्या समासात मी मामाचं वाक्य लिहून ठेवलं. त्याच दुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची वाट बंद केली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी राहिली. तीन आमदारांच्या पक्षाचे दोन तृतीयांश म्हणजे दोन माणसं. एका रिक्षात मावतील एवढी.

तसंच झालं. पर्रीकर गेल्यावर 19 मार्च 2019 ला रात्री दोनच्या सुमारास सांखळीचे प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. सांखळी डिचोली तालुक्यातली, त्यामुळे मामाचा राग पळाला. आठवड्याभरात, पुन्हा रात्रीच, मगोचे दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. सुदिन ढवळीकरांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं, ते आजगावकरांना मिळालं. पेडण्याला उपमुख्यमंत्री! मामानं फोन केला, "आता तुमचं आमचं मत एकाच डब्यात." आजोबा हसले नाहीत. फोन त्यांनी माझ्याकडे दिला.

युती मला वाईट वाटत नाही. ती मतदानाआधी सांगितली की मी तिला हो किंवा नाही म्हणू शकते. नंतर झाली की माझं काम फक्त पेढा खायचं.

2022 ला मी पहिल्यांदा मत दिलं. आजोबा नव्हते. मगो या वेळी तृणमूलबरोबर, भाजपविरुद्ध. 10 मार्चला निकाल लागला, आणि 20 जागांवर अडलेल्या भाजपला मगोनं पाठिंबा दिला. तिन्ही अपक्षांनीही दिला, त्यात डिचोलीचा एक. मामानं यंदा रागानं कमळ सोडून त्या अपक्षाला मत दिलं होतं. "फिरून तिथंच," एवढंच म्हणाला.

एप्रिलमध्ये बारा जण पुरे झाले. आजीनं विचारलं, "पेडण्याचो कोण?"

मी यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली.